खांबांचं काय एवढं?

गेल्या काही महिन्यांत मला फोनवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "अगं, सोलर बसवताय ते ठीक, पण तू खांबांचं काय एवढं घेऊन बसली आहेस?" नागपूरच्या भाचीने विचारला, पुण्याच्या ताईने विचारला, आणि आमच्या सोसायटीतल्या भिशीत तर दोनदा. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं, एकदाच लिहून टाकावं. ज्यांना लोखंडात आणि सिमेंटात रस नाही त्यांनी पुढची पोस्ट येईपर्यंत थांबावं. (ती हळदीच्या पानातल्या पातोळ्यांवर आहे!)

तर मंडळी, मुरबाड तालुक्यात आमची सामाईक जमीन आहे आणि तिच्यावर एक विहीर. शेती धाकटे दीर बघतात. विहिरीवर वीज आहे, पण ती कधी येईल ते वीजच जाणे. सरकारच्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकऱ्याला फक्त १० टक्के भरावे लागतात, पण ती योजना ज्यांच्याकडे पंपाची वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी. आमची जोडणी सासऱ्यांच्या काळापासूनची, म्हणून आम्ही त्यात बसलो नाही. शेवटी ठरलं की पदरचे पैसे घालून ३ अश्वशक्तीचा सौर पंप घ्यायचा. पैसे माझे, राबणं भाऊजींचं. घर कौलारू, वासे पन्नास वर्षांचे. छपरावर पॅनेल चढवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे पॅनेल जमिनीवर, खांबांवर.

ठेकेदार आला. सहा पॅनेल, पंप, कंट्रोलर, केबल, सगळ्याचं तपशीलवार कोटेशन. कंपनी, वॉट, वॉरंटी, सगळं. आणि खाली शेवटची ओळ : "स्ट्रक्चर व फाउंडेशन - १ संच". बस्स! खांब किती जाड, किती खोल, कशाचा, काही नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तीन इंची पाइप देतो, दोन फूट गाडतो, वरून सिल्व्हर कलर. सगळीकडे तेच चालतं." भाऊजी म्हणाले, "वहिनी, पॅनेलचं वजन ते किती! दोन माणसं एक पॅनेल सहज उचलतात."

इथेच सगळ्यांची गफलत होते असं मला वाटतं. वजनाचं म्हणाल तर भाऊजींचं बरोबरच आहे. साडेपाचशे वॉटच्या आसपासचं एक पॅनेल साधारण २८ किलोचं, सहांचे मिळून १७० किलो. एवढा भार बांबूच्या मांडवानेही पेलला असता. पण खांब पॅनेल पेलायला नसतोच. तो पॅनेल खाली धरून ठेवायला असतो. पॅनेल म्हणजे तिरकं धरलेलं शीड आहे, आणि शिडाला होडी ओढून न्यायची सवय असते.

आता थोडं गणित. मी मराठी आणि इतिहास शिकवला, गणित नव्हे, पण हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. वाऱ्याचा दाब काढायचा तर वेगाचा (मीटर दर सेकंदाला) वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. उत्तर न्यूटनमध्ये येतं, दर चौरस मीटरला. आपल्याकडच्या बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर दर सेकंद धरलेला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. हिशेब केला तर दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा रेटा येतो. आमच्या सहा पॅनेलचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर. म्हणजे अठराशे किलोंच्या वर! आणि हा रेटा नेहमी खालीच दाबतो असं नाही. पॅनेल दक्षिणेकडे झुकलेलं, त्याची पाठ उत्तरेला वर उचललेली. वारा दक्षिणेकडून आला तर दाबतो, उत्तरेकडून आला की पाठीखाली शिरतो आणि उचलतो. छत्री उलटी होते ना, तसं.

ठेकेदाराचं दोन फूट खोल, एक फूट रुंद खड्ड्यातलं काँक्रीट भरतं जेमतेम १०७ किलो. चार खांबांचं मिळून सव्वाचारशेच्या थोडं वर. त्यात पॅनेल आणि वरचं लोखंड धरा, तरी हजाराच्या आतच. समोर वारा अठराशेचा.

"पण एवढा वारा मुरबाडला येतो कधी?" हा भाऊजींचा पुढचा प्रश्न. रास्त प्रश्न. त्याचं उत्तर मी १३ मे २०२४ ह्या तारखेने दिलं. त्या दिवशी दुपारी मुंबई-ठाण्यात धुळीचं वादळ आलं ते आठवतं ना? डोंबिवलीत भर दुपारी दिवे लावावे लागले होते. त्याच वादळात घाटकोपरला छेडानगरचा तो १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ माणसं गेली. नंतर व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा जे आकडे वर्तमानपत्रांत आले ते मी वहीत उतरवून ठेवले होते : फलकाने ताशी १५८ किलोमीटरचा वारा सोसायला हवा होता, त्याचा पाया ४९ किलोमीटरच्याच लायकीचा होता, आणि त्या दिवशी वारा होता ८७ चा. म्हणजे वारा मानकाच्या जवळपासही पोचला नव्हता. फलक पडला तो जमिनीखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या भागामुळे. आणि त्याच्याखाली माणसं का होती? पावसापासून आडोसा म्हणून बरेचजण पंपाच्या छपराखाली येऊन थांबले होते.

हे शेवटचं मला फार लागतं. आमच्या विहिरीपाशी झाड नाही. वाडीवरच्या बाया पाण्याला येतात, पोरं शाळेतून त्याच वाटेने परततात. तिथे पंधरा फुटांचं छप्पर उभं राहिलं की लोक त्याच्या सावलीला बसणार, वळीव आला की त्याच्याखाली धावणार. त्यांना "बसू नका" म्हणून पाटी लावणारी मी कोण? छप्पर उभं करायचं तर ते माणसं खाली असणार असं धरूनच करायचं. मी भाऊजींना एवढंच म्हटलं, "तुमची नात त्याच्याखाली बसणार आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत. उठून पहार आणि टेप घेऊन आले.

मग आम्ही दोघांनी मिळून खांबांचा अभ्यास केला. माझा एक जुना विद्यार्थी आता स्थापत्य अभियंता आहे, ठाण्याला असतो. त्याला आकडे पाठवले. तो म्हणाला, "बाई, तुमचं गणित ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे." मग त्याने मला उलटी शिकवणी दिली. वारा सगळ्या खांबांना सारखा ओढत नाही, एका बाजूचे उपटायला बघतो तेव्हा दुसऱ्या बाजूचे दाबले जातात. शिवाय उंचीचा प्रश्न. खांब म्हणजे तरफ. उंची दुप्पट केली की बुडाशी वाकवणारा जोरही दुप्पट. भाऊजींना खाली मिरच्या-वांगी लावायला दहा फूट उंची हवी होती, ती त्याने एका वाक्यात खोडली. पण अगदी बुटकंही चालणार नव्हतं. श्रावणात आमच्याकडे गवत कमरेला लागतं, आणि बकऱ्यांना चढायला काचेचा उतार मिळाला तर त्या काय सोडतात!

पाइपचं बघू. दुकानात "चार इंची" म्हणून जो पाइप मिळतो तो बाहेरून साडेचार इंच भरतो. नावातला आकडा आतल्या पोकळीचा, तोही अंदाजाने. त्याचे तीन वर्ग असतात : ए, बी आणि सी, म्हणजे हलका, मध्यम, जड. पाइपवर रंगाचा पट्टा असतो. ए ला पिवळा, बी ला निळा, सी ला लाल. बाहेरून तिन्ही अगदी सारखे दिसतात, कारण बाहेरचा व्यास तोच, फरक फक्त आतल्या जाडीत. म्हणून नुसतं "चार इंची द्या" म्हणणाऱ्याच्या हातात काय पडेल ते दुकानदाराच्या मनावर. पट्टा पुसलेला असेल तर काट्यावर घालावा. चार इंची बी क्लासची वीस फुटी लांबी साधारण ७३ किलो भरते, ए क्लासची साठच्या आतच राहते. मी कल्याणच्या दुकानात काट्यापाशी उभी राहिले तेव्हा तिथला मुलगा हसत होता. हसू दे. भाजी तोलून घेतो, मग लोखंड का नाही?

आम्ही चार इंची बी क्लास घेतला. ठेकेदाराच्या तीन इंची हलक्या पाइपपेक्षा लोखंड पावणेदोन पट लागलं, पण वाकण्याविरुद्धची ताकद दुपटीहून जास्त. पाइपचा व्यास वाढला की ताकद वजनापेक्षा वेगाने वाढते, बांबू पोकळ असून का टिकतो ते ह्यातच आलं. पैशांतला फरक पाच हजारांच्या आसपास. सगळ्या संचाच्या किमतीत तो चिंचोक्यासारखा.

आणि एक गंमत बघा. पाइप वीस फुटी येतो. त्याचे साडेआठ आणि साडेअकरा फूट असे दोन तुकडे केले की एक पुढचा खांब, एक मागचा. चार फूट दोन्ही जमिनीत, वर उरतात साडेचार आणि साडेसात. दोन खांबांत पावणेनऊ फुटांचं अंतर ठेवलं की उतार येतो बरोबर १९ अंशांचा, आणि आपला अक्षांशही साधारण १९च! दोन पाइप, चार खांब, एक इंचही वाया नाही. हे कागदावर जुळलं त्या रात्री मला झोप लागेना, इतका आनंद झाला. (हसा. शिक्षक आहे मी.)

गावात एकाने सुचवलं होतं, रुळाचा तुकडा आणा, कल्याणच्या भंगारात मिळतो. रुळाचे खांब मजबूत असतात ह्यात शंका नाही, जुन्या वीजवाहिन्यांना अजून दिसतात. पण पावतीशिवाय रेल्वेचा माल जवळ बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ह्या वयात मला कल्याणच्या रेल्वे पोलिसांची ओळख नको. दुसऱ्याने सागाचे खांब सुचवले. घराच्या मेढी आमच्याकडे अशाच पुरतात, बूड जाळून काळं करायचं, वर डांबर. टिकतात, पण घरात मेढीच्या डोक्यावर छप्पर असतं. उघड्यावर, वर्षातले चार महिने बूड ओलं राहणाऱ्या खांबाला वाळवी आणि बुरशी किती वर्षं सोडणार? पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं सांगतात, खांबाने त्याच्याआधी जाऊन कसं चालेल?

गंज हाच लोखंडाचा खरा वैरी. सिल्व्हर कलर म्हणजे गंजावर घातलेली पावडर. केंद्र सरकारच्या सौर पंपांच्या मानकात वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला किमान ८० मायक्रॉनचा थर मागितला आहे, आणि सांगाडा ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल असाही. (ही अट सरकारी योजनांपुरती. खाजगी काम करणाऱ्याला विचारलं नाही तर तो कशाला सांगेल?) आता क्रम महत्त्वाचा. आधी कापायचं, भोकं पाडायची, वेल्डिंग करायचं, आणि सगळं झाल्यावर जस्तात बुडवायचं. तयार जी.आय. पाइप आणून त्यावर वेल्डिंग केलं की जोडाच्या जागचं जस्त जळतं, आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. ठेकेदार हा उलटा क्रम करणार होता. आम्ही काळा पाइप घेतला, डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डोक्यावर प्लेटा मारून घेतल्या, मग जस्तात पाठवला. आठ दिवस जास्त गेले.

आणखी एक गोष्ट मी रेल्वेकडून शिकले. डोंबिवली स्टेशनात गाडीची वाट बघताना ओव्हरहेड वायरच्या खांबांच्या बुडाशी बघा. जमिनीच्या वर सिमेंटचा एक निमुळता गोळा असतो, वरून उतरता. लोखंडाचा खांब कुजतो तो मधोमध नाही, टोकालाही नाही, तर जिथे जमीन आणि हवा भेटतात तिथे, कारण तिथे पाणी साचतं. म्हणून काँक्रीट जमिनीशी सपाट सोडायचं नाही. फूटभर वर आणायचं आणि चहूबाजूंनी उतार द्यायचा. चाळीस वर्षं त्या फलाटावर उभी राहिले, पण त्या गोळ्यांकडे लक्ष गेलं ते आता.

जागा ठरवताना भाऊजींनी स्वतःहून शहाणपण केलं. ठेकेदार विहिरीलगतच्या भातखाचरात खड्डे खणायला निघाला होता, केबल कमी लागते म्हणून. भाऊजींनी चाळीस फूट वर वरकसात खुणा केल्या. "खाचरात जून ते सप्टेंबर पाणी उभं असतं, माती लोण्यासारखी होते," एवढंच त्यांचं कारण. पण माझ्या विद्यार्थ्याने त्यात भर घातली ती ऐकून मी थक्क झाले. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजन आर्किमिडीजच्या नियमाने चाळीस टक्क्यांहून जास्त घटतं! म्हणजे पाया आपण उन्हाळ्यात ४८० किलोचा म्हणून घालायचा आणि भर पावसात तो २८० चा होऊन बसायचा. केबल जास्त लागली ती लागली.

खड्डे चार फूट खोल, दीड फूट रुंद. आमचं एकेक काँक्रीट साधारण ४८० किलोचं, चार मिळून एकोणीसशे. शिवाय मुरमाची पकड वेगळी. तीन खड्डे दोन दिवसांत झाले. वरची हातभर माती सोडली की खाली घट्ट मुरूम, पहार वाजते असा. चौथ्या खड्ड्यात मात्र अडीच फुटांवर काळा कातळ लागला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, झालं, आता ह्याच्यावरच काँक्रीट ओतू, कातळापेक्षा पक्कं काय? ऐकायला पटतं. पण कातळ खाली दाबणाऱ्या भारासाठी पक्का. ओढून काढणाऱ्या वाऱ्याला कातळावर नुसतं ठेवलेलं काँक्रीट म्हणजे टेबलावर ठेवलेला पेला. ठाण्याला फोन केला. उत्तर आलं : कातळात दीड फुटाची चार भोकं पाडा, फुंकून धूळ काढा, त्यांत सळया घालून न आकसणारं ग्राउट भरा, आणि त्या सळया वर खांबाच्या पिंजऱ्याला बांधा. ड्रिल भाड्याने आणावं लागलं सरळगावहून, दिवस गेला. त्या खड्ड्यापाशी जो वाद झाला तो इथे लिहीत नाही. ठेकेदाराने जादा पैसे मागितले, आम्ही दिले, आणि खड्ड्याचा फोटो टेप लावून काढून ठेवला. चारही खड्ड्यांचे काढले आहेत. काँक्रीट ओतल्यावर खोली कुणाच्या बापाला मोजता येत नाही.

खांब उभे करायचं काम मात्र सुरेख झालं. गवंड्याने ओळंबा सोडला, दोऱ्या ताणल्या, तीन-चार-पाचचा काटकोन धरला आणि दोन्ही कर्ण मोजले. अर्ध्या इंचाचा फरक, तोही त्याला खपेना. दक्षिण ठरवायला काठीची सावली घेतली. दुपारी सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती उत्तर दाखवते. (हिवाळ्यात! मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत आपल्याकडे सूर्य दुपारी उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पावसाळ्यात हा प्रयोग करून पॅनेल उलटं लावू नका.) काँक्रीट सळईने ठासून भरलं. सात दिवस गोणपाट गुंडाळून पाणी मारायचं काम भाऊजींच्या नातीने घेतलं, आणि तिने शाळेची वही करून त्यात रोज दोन वेळा सही केली. पॅनेल त्यानंतर आणखी दोन आठवड्यांनी चढवली. ठेकेदाराला तिसऱ्या दिवशीच चढवायची होती.

खर्चाचं विचाराल तर पाइपचा फरक, जस्त, जादा काँक्रीट, ड्रिल सगळं धरून मूळ कोटेशनपेक्षा अठरा हजार जास्त गेले. पुण्याची ताई म्हणेल, त्यात काशीयात्रा झाली असती.

आता उरलेली कामं. पाइपांच्या तोंडांवर, प्लेटांच्या कडेला, फटी राहिल्या आहेत, त्या बुजवायच्या आहेत, नाहीतर आत पाणी साठतं. उघड्या उभ्या पाइपात साळुंक्यासारखे पक्षी उतरतात आणि त्यांना परत वर येता येत नाही, तेही आहेच. नट-बोल्ट स्टेनलेसचे आहेत, पण पहिल्या वर्षी ते सैल होतात म्हणतात, तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात, वळवाच्या आधी, पाना घेऊन एकेक आवळायचा. एकूण बावन्न आहेत. नातीने खडूने नंबर घातले आहेत, खडू पावसात जाईल म्हणून आता ऑइल पेंट मागते आहे. शनिवारी लाल डबी घेऊन जाणार आहे मी, सकाळच्या मुरबाड एसटीने.